जवानांचा आणि त्यांच्या घरच्यांचा निरोपाचा कार्यक्रम कसा करायचा: नाशिककरांसाठी सगळं सविस्तर

रजा संपवून परत निघालेल्या किंवा पहिल्यांदा ट्रेनिंगला चाललेल्या जवानाच्या निरोपाचा कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे लगेच स्टेज, डीजे, शाल-श्रीफळ अन् पुढाऱ्याचं भाषण असं ठरून जातं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो पोरगा खुर्चीवर अवघडून बसलेला असतो, त्याची बायको मागच्या रांगेत लेकराला सांभाळत, आई तर बऱ्याचदा घरीच, कारण पाहुण्यांचा चहा तिच्याकडे. माझा भाऊ फौजेत आहे, मी वाढले नाशिक रोडला, लष्कराच्या कॅम्पाच्या शेजारी, त्यामुळे असे कार्यक्रम जवळून बघितलेत आणि काही उभे पण केलेत. माझं पक्कं मत हे की जवान युनिटला पोचला की दोन दिवसात कामाला जुंपला जातो, पण घर पुढचे कितीतरी महिने त्याच्याशिवाय चालवायचं असतं, म्हणून कार्यक्रम घराच्या सोयीने आखायचा. तारीख, जेवण, बोलणं, भेटवस्तू, सगळंच.

खाली लिहिलंय ते गावात, कॉलनीत किंवा सोसायटीत दोन-चार जवानांचा मिळून शंभर-दीडशे माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर त्या हिशोबाने. एकट्याचा असेल तर आकडे कमी करा, बाकी सगळं तेच.

सगळ्यात आधी घरी जाऊन विचारा

ग्रुपवर पोस्टर टाकायच्या आधी घरी जा. आणि फक्त जवानाला विचारून येऊ नका, तो "चालेल हो, करा" असंच म्हणणार. वहिनींशी आणि मावशींशी वेगळं बोला, दोघी-तिघी बायकांनी जा म्हणजे त्या मोकळं बोलतात. कार्यक्रम हवाय का, नको असेल तर तसंच सांगा, आम्हाला वाईट वाटणार नाही. फोटो काढले तर चालतील का. लहान मुलांचे फोटो चालतील का. घरात कोणी आजारी आहे का, कोणाशी अबोला आहे का, कोणाला स्टेजवर जायचा संकोच आहे का. एखादी सून सांगते की मला सगळ्यांसमोर रडू येतं, मला पुढे बोलावू नका. ते ऐकायचं आणि त्या दिवशी पाळायचं.

रजेचा हिशोब पण समजून घ्या. रेग्युलर जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा असते पण ती सलग मिळेलच असं नाही. २०२२ पासून जे अग्निवीर भरती होतायत त्यांना वर्षाला ३० दिवस. त्या ३० दिवसात येण्याजाण्याचा प्रवास, घरचं एखादं लग्न, शेतातली कामं, डॉक्टर, सगळं बसवायचं असतं. म्हणून आपला कार्यक्रम एका संध्याकाळच्या वर जाता कामा नये. सकाळी मिरवणूक, दुपारी सत्कार, रात्री जेवण असं केलं तर त्याचा अख्खा दिवस आपण खाल्ला, आणि घरच्यांना तो दिवस परत मिळत नाही.

पहिल्यांदाच ट्रेनिंगला चाललेला पोरगा असेल तर गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या आई-बापाला काहीच माहिती नसते, पोरगा साडेसतरा-अठरा वर्षांचा, कधी घर सोडलेलं नाही. अशा घराला सत्कारापेक्षा एखाद्या माजी सैनिकाशी तासभर बोलणं जास्त उपयोगाचं पडतं: ट्रेनिंग सेंटरला काय होतं, फोन कधी करता येतो, सुट्टी कधी मिळते. नाशिक रोड-देवळाली भागात माजी सैनिक कमी नाहीत, कॅम्पात तोफखान्याचं आर्टिलरी सेंटर आहे, पलीकडे देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, रिटायर होऊन इथंच घर केलेले सुभेदार-हवालदार तुम्हाला शेजारीच सापडतील. त्यांना आदल्या आठवड्यात त्या घरी घेऊन जा.

तारीख

निघायच्या आदल्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. तो दिवस घराचा. पेटी भरायची, कुलदैवताला जाऊन यायचं, कोणाला वणी गडावर जायचं असतं, कोणाला टेकडीवर खंडोबाला, आणि रात्री घरातल्या घरात जेवायचं असतं. निघायच्या तीन-चार दिवस आधीची संध्याकाळ सगळ्यात बरी. दोन-तीन जवान वेगवेगळ्या तारखांना निघणार असतील तर जो पहिला निघणार त्याच्या सोयीने धरा.

वेळ साडेपाच ते साडेआठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा स्पीकर लावूच नका. द्राक्ष काढणीच्या सीझनला निफाड-दिंडोरीकडची माणसं दिवसभर बागेत असतात, तिकडे सातच्या आत कोणी येणार नाही हे धरून चाला. लग्नाच्या तिथीला लॉन्स मिळत नाहीत आणि मिळाले तरी लग्नाच्या भावाने मिळतात. आणि २०२७ चा सिंहस्थ डोक्यात ठेवा, त्या काळात पंचवटी-रामकुंडाच्या बाजूला काही ठरवायचं नाही, गाडी नेणंच अवघड होणार.

काय जाहीर करायचं नाही

हे मी अगदी कळकळीने लिहितेय कारण इथं लोक प्रेमापोटीच चूक करतात. बॅनरवर जवानाचं नाव, फोटो, रँक, युनिटचा नंबर, कुठल्या सेक्टरला चाललाय, कुठल्या तारखेला कुठल्या गाडीने, सगळं छापून मोकळे. हे करायचं नाही. युनिट, ठिकाण, तारीख, गाडी, डबा, यातलं काहीच बॅनरवर नको, स्टेटसला नको, रीलमध्ये नको, निवेदकाच्या तोंडी पण नको. लष्कराने २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला लावले होते, त्यात फेसबुक-इन्स्टाग्राम पण होतं, म्हणजे तिकडे ही गोष्ट किती गंभीरपणे घेतात बघा. आपण इकडे त्याला टॅग करून त्याची अडचण वाढवायची नाही. त्याला युनिफॉर्म घालून यायचा आग्रह पण करू नका, तो घरी रजेवर आहे, कुडता-पायजम्यात येऊ द्या. आणि मंडळाच्या पोरांनी कॉम्बॅट प्रिंटचे टीशर्ट घालून स्वागताला उभं राहायचं नाही. माजी सैनिकांनी साध्या कपड्यांवर मेडल लावून यायला मात्र आवर्जून सांगा.

आमंत्रण कसं लिहायचं म्हणाल तर एवढं पुरतं:

"नमस्कार, आपल्या कॉलनीतले तीन जवान रजा संपवून परत कामावर रुजू होत आहेत. त्यांच्यासोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत एक संध्याकाळ घालवू या. शनिवारी साडेपाच वाजता, समाजमंदिरात. मिसळीचा बेत आहे. येताना भेटवस्तू, हार, बुके आणू नये. घरच्यांची विनंती आहे की फोटो सोशल मीडियावर टाकू नयेत."

हे व्हॉट्सॲपवर टाका, आणि म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन सांगा. ग्रुपवरचं आमंत्रण त्यांना आमंत्रण वाटत नाही.

जागा आणि परवानग्या

शाळेचं मैदान, समाजमंदिर, सोसायटीचा हॉल, मळ्यातलं खळं, काहीही चालेल. एकच बघा, आत जायला पायऱ्या कमी असाव्यात आणि बायकांसाठी स्वच्छ बाथरूम असावं. दीडशे माणसांना हॉलबाहेर गाड्या लावायला जागा आहे का ते पण.

मैदानासाठी शाळेचं किंवा महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र, स्पीकरसाठी तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला अर्ज, हे आठ-दहा दिवस आधी द्या. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे विचारा. रात्री १० नंतर स्पीकर कायद्यानेच बंद, पण आपण साडेआठलाच संपवतोय. ड्रोन शूटिंग अजिबात नको, कॅम्प, देवळाली, गांधीनगरचा आर्मी एव्हिएशनचा भाग, ओझर, सगळीकडे लष्करी नाहीतर विमानतळाची हद्द लागते.

तिरंग्याचं नीट बघा. झेंडा टेबलावर अंथरायचा नाही, स्टेजला झालर म्हणून लावायचा नाही, त्यावर जवानांची नावं लिहायची नाहीत, तिरंग्याचा केक आणून सुरी चालवायची नाही. सजावट झेंडूची करा. झेंडा लावायचाच तर एकच, ३:२ मापाचा, उजळ, न फाटलेला, मानाच्या जागी. कागदी झेंडे मुलांना वाटलेत तर कार्यक्रमानंतर गोळा करायला दोन माणसं नेमा, नाहीतर सकाळी ते चपलांखाली दिसतात.

फटाके नकोत. कार्यक्रमाला लहान बाळं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि प्रत्यक्ष गोळीबार बघून आलेल्या माणसाला अचानक मागून धडाम झालेलं काय वाटतं हे आपल्याला कळत नाही. नाशिक ढोल आपली शान आहे, लावा, पण मैदानात, दहा मिनिटं, स्वागताच्या वेळी. बंद हॉलमध्ये ढोल-ताशा म्हणजे कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येत नाही.

जेवण

माझा आग्रह मिसळीचा. नाशिकला मिसळ सगळ्यांना चालते, उपास नसला की झालं, आणि जवानाला तिकडे मेसमध्ये सगळं मिळेल पण आपला काळा रस्सा मिळणार नाही. दीडशे माणसांचा अंदाज देते. मोड आलेली मटकी १३-१४ किलो लागते, म्हणजे कोरडी साधारण ६ किलो, ती दोन दिवस आधी भिजत घालायची, थंडीत अजून अर्धा दिवस जास्त धरा कारण मोड लवकर येत नाहीत. पाव ४०० ते ४५०. फरसाण ७ किलो. कांदा ६ किलो बारीक चिरून, कोथिंबीर, लिंबं ६०-७०. दही ८ किलो. पापड माणशी एक आणि वर पन्नास. जिलबी १० किलो, ती गरमच हवी, जागेवर काढणारा आचारी मिळाला तर उत्तम. मठ्ठा ३० लिटर. पाण्याचे २० लिटरचे जार उन्हाळ्यात १० सांगा, थंडीत ७ पुरे.

रस्सा दोन पातेल्यात करा, एक तिखट आणि एक मध्यम. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना साधी खिचडी-कढी वेगळी ठेवा, थोडीशीच.

आता महत्त्वाचं. ज्या घरचा जवान आहे त्या घरच्या बायकांनी त्या दिवशी वाढायचं नाही, भांडी घासायची नाहीत, चहा करायचा नाही. हे आधीच जाहीर करा कारण त्या सवयीने उठतातच. पंगत बसवा आणि पहिल्या पंगतीला जवान, त्याची बायको, मुलं, आई-वडील सगळे शेजारी शेजारी बसतील असं बघा. एवढ्या पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना एकत्र बसून जेवायला मिळतंच असं नाही. बुफे ठेवला की जवान फोटोत अडकतो आणि शेवटी गार मिसळ खातो.

दारू नको. जवानाच्या कॅन्टीन कोट्यातली तर अजिबात मागू नका, ती त्याच्या स्वतःसाठी असते, वाटायला नसते, आणि त्यावरून घरात बायकोला वाईट वाटतं ते वेगळंच.

संध्याकाळचा क्रम

साडेपाचला लोक जमतात, तोवर सरबत. सहाला स्वागत, ढोल, मग औक्षण. औक्षण आईने, बायकोने, बहिणीने करावं आणि ज्या बाईच्या नवऱ्याला, मुलाला देशासाठी वीरमरण आलंय अशी कोणी गावात असेल आणि तिची तयारी असेल तर पहिलं निरांजन तिच्या हातात द्या. विधवा आहे म्हणून कोणालाही मागे ठेवायचं नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आपण तर जवानांच्या कार्यक्रमात उभे आहोत. पण आधी तिच्या घरी जाऊन विचारा. ऐनवेळी माईकवरून नाव पुकारू नका, तिला त्या संध्याकाळी काय झेपेल ते तिचं तिला माहीत.

मग बोलणं. तीन माणसं, प्रत्येकी पाच मिनिटं, बस. एक माजी सैनिक, एक शेजारी किंवा शाळेतले जुने सर, आणि जवानांपैकी कोणाला बोलायचं असेल तर तो. पुढारी आले तर त्यांना पहिल्या पंगतीत बसवा, मानाने वाढा, माईक नका देऊ. हे कठीण जातं मला माहितीय, तर आधीच सांगून ठेवा की भाषणं नाहीत.

आणि बोलणाऱ्या प्रत्येकाला आधी बाजूला घेऊन एक गोष्ट सांगा: बलिदान, शहीद, तिरंग्यात लपेटून, रक्ताचा थेंब, यातला एकही शब्द नको. समोर त्याची आई बसलेली असते. पोरगा चार दिवसांनी निघणार आणि तुम्ही माईकवर मरणाचं वर्णन करताय, ती काय ऐकत असेल. तशीच रडवणारी गाणी पण नको. त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगा, शाळेचं मैदान, नदीत पोहायला गेलेलं, भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायचा ते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा कोणी असेल तर "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही त्यांच्या रेजिमेंटची घोषणा एकदा सगळ्यांनी मिळून द्या, अंगावर काटा येतो.

मुलांसाठी एक टेबल ठेवा, आंतरदेशीय पत्रं आणि रंगीत पेनं. कॉलनीतल्या प्रत्येक मुलाने जवानकाकांना एक पत्र लिहायचं, बंद करून त्यांच्या हातात द्यायचं. आंतरदेशीय पत्र पोस्टात अजूनही अडीच रुपयाला मिळतं. पुढे पाठवायची असतील तर त्यांचा एपीओचा, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा, पत्ता घरच्यांकडून घ्या, ग्रुपवर फिरवू नका.

साडेसातला पंगत. पंगती उठल्या की राष्ट्रगीत, ५२ सेकंद, सगळे नीट उभे राहून, रेकॉर्ड न लावता स्वतःच्या तोंडाने. की झालं.

मदतीची वही

माझ्या मते कार्यक्रमाचा जीव ह्या वहीत आहे, बाकी काही जमलं नाही तरी ही करा. एक साधी दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक जवानाच्या घराला चार पानं. आधीच वहिनींशी बोलून त्यांना कुठे अडचण येते ते लिहून काढा, आणि कार्यक्रमात ज्याला जे जमेल त्याने त्यापुढे स्वतःचं नाव आणि फोन लिहायचा. "काही लागलं तर सांगा" असं सगळेच म्हणतात, पण कोणाला सांगायचं हे ठरलेलं नसलं की बाई कोणालाच सांगत नाही.

काय काय लिहायचं: रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोणाची, दोन नावं. गॅस सिलेंडर वर चढवून द्यायचं कोण. मुलांना शाळेत सोडणं, विशेषतः पावसाळ्यात. सासऱ्यांची पेन्शन, बँकेचं काम. तलाठ्याकडचा सातबारा, फेरफार. महावितरणचं बिल जास्त आलं तर ऑफिसात कोण जाईल. शेती असेल तर द्राक्षाची फवारणी कोण बघेल, औषधाचं वेळापत्रक कोणाला कळतं, कांदा लासलगावला न्यायचा तर ट्रॅक्टर कोणाचा. पालक सभेला सोबत कोण. एकटी बाई असेल तर मदतीला बाईच जाईल किंवा जोडीने जाईल हे पण ठरवा, नाहीतर लोक बोलतात आणि मदत बंद पडते.

वहीचं शेवटचं पान कागदपत्रांचं. इथं माजी सैनिक लागतो. डिपेंडंट कार्ड, म्हणजे घरच्यांचं फौजेचं ओळखपत्र, चालू आहे का, लग्नाची नोंद आणि नवीन बाळाचं नाव रेकॉर्डला चढलंय का, त्याला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात, नॉमिनी कोण आहे, बँक खातं जॉइंट आहे का, घरी इमर्जन्सी आली तर युनिटला कुठल्या नंबरवर फोन करायचा. हे प्रश्न जवानाने निघायच्या आधी स्वतः बायकोसोबत बसून सोडवायचे, आपण फक्त यादी हातात द्यायची. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे ते घरातल्या एकाने प्रत्यक्ष जाऊन बघून यावं. तिथं सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांची कामं पण बघतात, फक्त माजी सैनिकांची नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

वही घरच्यांकडे राहते. मंडळाच्या कपाटात ठेवायची नाही.

भेटवस्तू

ट्रॉफी, मोठी फ्रेम, चार-चार शाली, हे त्याला नेता येत नाही आणि घरात ठेवायला जागा नसते. काळ्या ट्रंकेत मावेल आणि तिकडे वापरता येईल असं द्या: जाड लोकरी मोजे, चांगली पॉवर बँक, फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच, मजबूत कुलूप. खाण्यात आपले मनुके, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, डिंकाचे लाडू. लाडू तो एकटा खाणार नाही, बॅरॅकमध्ये डबा उघडला की सगळे येतात, म्हणून जास्तच द्या. प्रवासाला दशम्या, दुधात पीठ भिजवून केलेल्या, दोन दिवस नीट राहतात. त्या कॉलनीतल्या बायकांनी मिळून करा, घरच्यांना तेवढाच आराम. ट्रेनिंगला जाणाऱ्या पोराला सेंटरच्या पत्रात सामानाची यादी आलेली असते, त्यातलंच काहीतरी विचारून द्या.

निघायच्या दिवशी

स्टेशनवर घरचे आणि दोन मित्र, बस. घरून दही-साखर हातावर घेऊन निघाला की बाकीच्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जावं. नाशिक रोडला गाडी थोडाच वेळ थांबते, डबा शोधून ट्रंक चढवेपर्यंत वेळ संपतो, तिथे ढोल आणि हार घेऊन पन्नास जण गेले तर बायकोला शेवटचं बोलायला पण मिळत नाही. गंगापूर रोड-सातपूर भागातून निघत असाल तर द्वारकेच्या ट्रॅफिकसाठी तासभर हाताशी ठेवा. चांदवड, येवला, नांदगावची मंडळी झेलम किंवा दुसऱ्या गाडीसाठी मनमाडला जातात, तिकडे रात्रीची गाडी असेल तर घरच्यांना परत आणायची गाडी आधी ठरवा. रजा संपायच्या आत त्याला पोचायचंच असतं, गाडी चुकली तर जबाब त्याला द्यावा लागतो.

ऐनवेळी बोलावणं आलं तर

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवर आलेल्या कितीतरी जवानांना मधूनच परत जावं लागलं. असं झालं तर कार्यक्रम रद्द म्हणून बसू नका आणि धावतपळत स्टेज पण उभारू नका. चार बायकांनी त्या घरी जाऊन स्वयंपाक हातात घ्यायचा, दोघांनी तिकीट आणि गाडीचं बघायचं, एकाने मुलांना आपल्या घरी न्यायचं म्हणजे नवरा-बायकोला दोन तास मिळतील. मदतीची वही आधीपासून तयार असेल तर ती त्याच रात्री भरून द्या. मिसळीचा बेत पुढच्या आठवड्यात घरच्यांसाठी करा, त्याच्याशिवाय पण, त्यांना तेव्हा माणसांची जास्त गरज असते.

पैसे

वर्गणी घरटी ठरवून घ्या, जवानांच्या घरून एक रुपया घ्यायचा नाही, आणि त्यांच्या नावाने चौकात डबा फिरवायचा नाही. हिशोब दोन दिवसात ग्रुपवर टाका, आचारी, मंडप, स्पीकर, भेटवस्तू, बिलांच्या फोटोसकट. उरलेले पैसे सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला देता येतात, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचीच वाट बघायला हवी असं नाही, पावती मागून घ्या आणि ती पण ग्रुपवर टाका.